पातोळीच्या पानाएवढी फट

बसा, बसा. खुर्ची कुरकुरली तर दचकू नका. पाठीच्या दोन फळ्यांमध्ये जी उभी फट दिसते आहे, ती चुकून राहिलेली नाही. शहरातून आलेला प्रत्येक पाहुणा आधी त्या फटीत नख घालून बघतो आणि मग माझ्याकडे असा पाहतो, की म्हाताऱ्याची नजर कमी झाली असावी. नजर माझी शाबूत आहे. ती फट आमच्या शिसवणे गावच्या मेस्त्रीवाडीत केलेल्या प्रत्येक वस्तूला असते. पाट असो, पाळणा असो, नाहीतर तुमच्या मुंबईच्या हाफिसात जाणारं लांबलचक टेबल असो, हळदीचं एक पान सरकेल एवढी जागा कुठेतरी सोडलेली असणारच. तेवढी नसेल तर ती वस्तू वाडीच्या बाहेर जात नाही.

समोर सातेरीचं देऊळ दिसतं आहे ना? त्याच्या दाराकडे बघा. दोन फळ्यांचं फणसाचं दार, आणि मधून वरपासून खालपर्यंत उजेडाची एक रेघ. आमची सगळी गोष्ट त्या रेघेतून सुरू होते. मला इथे सगळे बाबी मेस्त्री म्हणतात. मी ही गोष्ट माझ्या आज्याकडून ऐकली, त्याने त्याच्या आज्याकडून. त्यामुळे यातलं खरं किती आणि आज्यांनी घातलेला मीठमसाला किती, ते तुम्हीच ठरवा.

आधी देवीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सातेरी म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात मूर्ती नाही. जमिनीतून वर आलेलं, माणसाच्या छातीएवढं वारूळ आहे आणि त्याच्यावर चांदीचा मुखवटा. वारूळ कोणी बांधलं, तर वाळवीने. आणि वाळवी म्हणजे सुताराची सात जन्मांची वैरीण. आता सुतारांच्या वाडीची देवी वाळवीच्या घरात कशी राहायला आली, असं विचाराल, तर त्याचं उत्तर कोणालाच ठाऊक नाही. पण ज्याची भीती त्याच्याशी गोडीत राहावं, एवढा शहाणपणा आमच्या पूर्वजांना असावा. ते काम सुरू करण्याआधी लाकडाचा पहिला छिलका देवीपुढे ठेवायचे. आम्हीही ठेवतो.

त्या काळी वाडीत मेस्त्र्यांचा मेळ होता. कोणी काय करायचं, पोराच्या हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, कधी द्यायचा, कोणाचं काम बाहेर जायच्या लायकीचं आहे, हे सगळं मेळ ठरवी. मेळाचा कायदा एकच होता: खिळा मारायचा नाही आणि सांध्यात केस जाता कामा नये. दोन लाकडं अशी बसली पाहिजेत की जन्मताच जुळी होती असं वाटावं. या कायद्यात सगळ्यांत कडक माणूस म्हणजे मेळाचा म्होरक्या, राघो मेस्त्री. त्याने केलेल्या पेटीत पाणी भरून ठेवलं तरी बाहेर थेंब येत नसे म्हणे. पेटीत पाणी कशाला भरायचं, हे मात्र त्याला विचारायची कोणाची छाती नव्हती.

एका चैत्रात देवळाला नवं दार करायचं ठरलं. राघोने जुना फणस निवडला, फळ्या वाळवल्या आणि भर वैशाखाच्या उन्हात दार बसवलं. असं दार पंचक्रोशीत कोणी पाहिलं नव्हतं. दोन फळ्या मिटल्या की त्यांच्यामधली रेघ डोळ्यांना सापडत नसे. आत दिवा लावला तरी बाहेर उजेडाचा ठिपका नाही. लोक वाहवा करू लागले आणि वाहवा ऐकून शहाणा माणूसही थोडा हुकतो, तसा राघो हुकला. साऱ्या गावासमोर त्याने देवीपुढे हात जोडले आणि म्हणाला, "ह्या दाराक परत कधी हत्यार लागला, तर माझो वाकस देवीच्या पायाकडे ठेवीन आनि नांगर धरीन."

मेळातले जुनेजाणते एकमेकांकडे पाहत राहिले. सुताराने वाकस ठेवायचा म्हणजे नावच पुसून टाकायचं. आणि राघोला नांगर धरता येत नव्हता, ही गोष्ट निराळीच. पण देवीपुढचा शब्द, तो काही मागे घेता येत नाही.

मग पावसाळा आला आणि आषाढभर कोसळला. तुम्हाला कोकणातला पाऊस ठाऊक असेल. भिंती घाम गाळतात, पापडाचं चामडं होतं आणि लाकूड पाणी पिऊन फुगतं. देवळाच्या गुरवाला रोज दार ओढताना जास्त जोर लागायला लागला. शेवटी तो राघोकडे गेला आणि भीत भीत म्हणाला, "मेस्त्रीनू, दार हल्ली जड जाता."

"दार जड नाय झाला," राघो म्हणाला, "तू रोडावलंस."

गुरव बिचारा घरी जाऊन पेज जास्त प्यायला लागला.

अशात नागपंचमी आली. त्या दिवशी वारुळाची पूजा, म्हणजे आमच्या देवीचा मोठा सण. आणि त्या दिवशीचा नेम तुम्हाला माहीत असेलच. नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. सुताराच्या वाडीत तर सगळी हत्यारं आदल्या दिवशीच धुऊन, कपाळाला लावून पाटावर निजवतात. त्या दिवशी हत्याराला हात लावला तर नागाला लागतं.

सणाला राघोची विहीण आली होती. राघोची लेक शेवंती खाडीपलीकडच्या गाळवेवाडीला दिली होती. तिची सासू तानूबाय. गाळवेवाडीचे लोक गाड्यांची चाकं करणारे. त्यांचा आणि आमचा जुना वाद. ते म्हणत, शिसवण्याचं काम दिसायला छान, पण त्याला हलायला जागा नाही. आम्ही म्हणत असू, गाळवेवाडीचं काम हलतं म्हणूनच त्याला चाकं लावावी लागतात. तानूबाय अंगाने भक्कम, बोलायला त्याहून भक्कम. ती सुनेबरोबर ओटी भरायला देवळात आली. गावाच्या बायकांनी सकाळपासून हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्यांचा नैवेद्य आणून ठेवला होता, मोठ्या परातीत, खाली कोरी पानं पसरून. शेवंती नारळ विसरली म्हणून घराकडे पळाली. गुरव पाणी आणायला विहिरीवर गेला. एवढ्यात वाऱ्याची झड आली आणि पाऊस आडवा आत घुसला. निरांजन विझणार, म्हणून तानूबायने दोन्ही फळ्या आतून ढकलल्या. आणि तानूबायने ढकललं म्हणजे ढकललंच. दार चौकटीत जे बसलं, ते बसलं.

गुरव परत येऊन बघतो तर दार हलेना. त्याने ढकललं, चार जण आले, दहा जण आले. आतून तानूबाय ओरडली, "धक्के मारू नकात. दार सुटला तर माझ्यासकट देवीवर पडात." गाभारा इवलासा. दाराच्या पाठीमागे दोन हातांवर वारूळ. खरंच होतं तिचं. दाराला टक्कर देऊन देवी फोडायची, हे कोणाला पटणार?

राघो धावत आला. त्याने दारावरून हात फिरवला आणि त्याचं तोंड उतरलं, असं सांगतात. कारण हाताला सगळं कळतं. आपलं दार कुठे फुगलं, किती फुगलं, सगळं त्याच्या बोटांना समजलं. उपाय साधा होता. वरच्या कडेवर रंधा फिरवायचा. पण आज नागपंचमी, हत्यार उचलायचं नाही. आणि उद्या उचललं, की वाकस देवीच्या पायाशी. गावकऱ्यांनी ठरवून टाकलं, उद्या तांबडं फुटलं की हत्याराने दार कापून काढायचं. एका मोठ्या माणसाची अब्रू वाचवायला विहिणीला देवळात पेन्शनीला ठेवता येत नाही. म्हणजे राघोच्या हाती तो एक दिवस उरला.

आत काय झालं ते तानूबायने पुढे जन्मभर सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. ती म्हणे आधी चिडली, मग देवीपुढे बसली. गाभाऱ्याच्या भिंती ओल्या, जमीन ओली, तिचं लुगडंही ओलं. पण वारुळाला पाठ टेकली तर ते कोरडं आणि कोमट. तिने वळून पाहिलं. वारुळाला ही बारीक बारीक भोकं. तिने भोकापाशी हात धरला, तर आतून ऊबदार वारा येत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. साऱ्या पावसाळ्यात मातीचं ते घर ना विरघळलं होतं, ना फुटलं होतं.

तानूबाय दाराशी आली आणि बाहेर ऐकू जाईल असं बोलली. "व्याह्यानू, देवीच्या घराक बघा किती भोका असत. ता श्वास घेता, म्हणून पावसात फुटणा नाय. आनि तुमी तिका डब्यात घातलास."

बाहेर सगळा मेळ उभा होता. कोणी हसलं नाही. राघोने दाराशी तोंड नेलं आणि जे विचारलं, ते त्याने आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं. "विहीणबाय, मगे काय करू?"

तानूबायने परातीतलं एक कोरं पान घ्यायचं ठरवलं. आता पान खालून काढायचं, तर वरच्या पातोळ्या हलवायला हव्यात. हलवून ठेवायच्या कुठे? जमीन ओली. तेव्हा तिने त्या जिथे ठेवायच्या तिथे ठेवल्या. मग ते पान दाराच्या कडेने हळूहळू सरकवत नेलं. जिथे पान जात होतं तिथे दार मोकळं, जिथे अडत होतं तिथे फुगलेलं. "हय अडता," ती आतून सांगे, "वरच्या कोपऱ्यात. आता मधल्या सांध्यात." राघो बाहेरून तिथे बोट ठेवी. पण बोट ठेवून लाकूड सुकत नाही. तेव्हा शेवंतीने घरातून करवंट्यांचे निखारे भरलेलं मडकं आणलं आणि त्या कोपऱ्यापाशी धरलं.

इथे मेळात वाद झाला. निखाऱ्याचं मडकं हे हत्यार की भांडं? हत्यार असेल तर नेम मोडतो, शब्दही मोडतो. सगळ्यांत म्हाताऱ्या मेस्त्र्याने निवाडा केला, की ज्याने भाकरी होते ते भांडं. मग काय, प्रत्येक घरातून मडकी आली. बाहेरून निखाऱ्यांची ऊब, आतून देवीच्या श्वासाची. गावाने छत्र्यांसारखी इरली धरून दारावरचा पाऊस अडवला. ज्या राघोने कधी कोणाला आपल्या कामाला हात लावू दिला नव्हता, त्याच्या दाराभोवती त्या दिवशी सारी वाडी चिकटली होती.

दिवेलागणीला दोन फळ्यांच्या मधून एक हिरवं टोक बाहेर आलं. हळदीच्या पानाचं. आधी नखाएवढं, मग बोटभर. राघोने दारावर तळवा ठेवला आणि हलकेच ढकललं. दार उघडलं.

तानूबाय बाहेर आली. गुरवाने आत डोकावून पाहिलं, तर परातीत नुसती पानं. त्याने भीत भीत विचारलं, की नैवेद्य कुठे गेला? "देवीन खाल्ल्यान," तानूबाय म्हणाली, आणि तोंड पुसलं.

गावाला आनंद झाला. सगळे राघोच्या पाठीवर थाप मारू लागले. दाराला हत्यार लागलं नव्हतं, देवीपुढचा शब्द शाबूत होता, वाकस त्याचाच राहिला होता. सगळं सुखरूप पार पडलं होतं. पण तानूबाय ते पान हातात धरून पायरीवर बसून राहिली. "ह्या पान दारातसून सहज सरल्याशिवाय," ती म्हणाली, "मी घराक जावचंय नाय." व्याह्याच्या घरी पाहुणचार झोडत बसायची धमकी मोठी होती, पण राघो तिला घाबरला नाही. त्याला तिचं म्हणणं पटलं होतं, हीच त्याची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाटावरची हत्यारं उचलली आणि रंधा घेऊन देवळाकडे निघाला. लोक आडवे आले. कशाला रे बाबा, काल वाचलास ना? तेव्हा राघो म्हणाला, "दार काल देवीन उघडल्यान, मी नाय. ता परत अडकात. माझो शब्द राखूक देवीक कोंडून ठेवू काय?"

आणि सगळ्यांच्या देखत त्याने त्या दाराला हत्यार लावलं. जे काम त्याने जिवापाड केलं होतं, तेच त्याने स्वतः छिललं. दर थोड्या वेळाने तानूबाय पान घालून बघे. शेवटी पान या बाजूने गेलं आणि त्या बाजूने निघालं. राघोने रंधा पुसला, आत गेला, कमरेचा वाकस काढून वारुळाच्या पायथ्याशी ठेवला आणि हात जोडले. बाहेर मेळातली मोठी मोठी माणसं डोळे पुसत होती. आमच्या आज्याला हे सांगताना दरवेळी भरून यायचं, आणि खरं सांगतो, मलाही येतं. हरल्यावर हत्यार ठेवणारे पुष्कळ असतात. हा माणूस जिंकला होता आणि तरी त्याने ठेवलं.

पण मेळ काही असा सोडणारा नव्हता. वाकस देवीला दिला, तर देवीला विचारू, असं सगळे म्हणाले. गुरवाने कौल लावला. मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वाकस परत, डावी पडली तर राघो नांगर धरणार. सगळे श्वास रोखून बघत राहिले. पाकळ्या हलेनात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पुन्हा घातलं. काही नाही. उघड्या दारातून वारा येत होता, पण सैरावैरा, इकडचा तिकडे.

तेव्हा तानूबाय म्हणाली, "दार लावा."

लोक म्हणाले, पुन्हा दार? पण तिने लावायला लावलं. दार मिटलं, अलगद. आत काळोख झाला आणि काळोखात दोन फळ्यांच्या मधून उजेडाची एक रेघ उभी राहिली. त्या रेघेतून वाऱ्याची एकच बारीक झुळूक आली, सुताने आखल्यासारखी सरळ, आणि देवीची उजवी पाकळी राघोच्या वाकसावर येऊन पडली.

आता कोणी म्हणतात पाकळी देवीने पाडली, कोणी म्हणतात वाऱ्याने पाडली. आम्ही म्हणतो, वारा तरी कोणाचा?

गुरवाने वाकस राघोच्या हातात दिला आणि देवीचा हुकूम सांगितला: यापुढे वाडीत जे काही घडवलं जाईल, त्यात पातोळीच्या पानाएवढी जागा देवीच्या श्वासासाठी सोडायची. मेळाने आपला जुना कायदा त्याच दिवशी बदलला. केसाचा कायदा गेला, पानाचा आला. तानूबाय त्याच दिवशी गाळवेवाडीला परत गेली, आणि राघोला सगळ्यांत जास्त आनंद कशाचा झाला, हे आज्याने कधी सांगितलं नाही.

ही झाली गोष्ट. आता तुम्ही बसलात त्या खुर्चीचं सांगतो. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ती फट सोडत आले, पण लपवून. पाटाच्या खाली, कपाटाच्या पाठीला. गिऱ्हाईक म्हणेल काम कच्चं आहे, म्हणून लाज वाटायची. मुंबईच्या एका दुकानदाराने तर आमच्या टेबलाची फट शोधून काढून तिच्यात लांबी-पुट्टी भरली, वर पॉलिश मारलं आणि उन्हाळ्यात थाटात विकलं. आषाढात ते टेबल गिऱ्हाइकाच्या जेवणाच्या वेळी मधोमध उकललं. आमटी एका बाजूला, भात दुसऱ्या बाजूला.

तेव्हा माझ्या भावाची नात स्वरांगी फर्निचरचं डिझाइन शिकून नुकतीच परत आली होती. तिने देवळाच्या दाराची मापं घेतली, दोन दिवस उंबऱ्यावर बसून राहिली आणि मग ही खुर्ची काढली. देवळाच्या दाराच्या दोन फळ्या, तीच खुर्चीची पाठ. खिळा नाही, कुसू, म्हणजे सांध्यात बसणारी लाकडाची जीभ, भोकातून आरपार काढून बाहेर दाखवलेलं, आणि फट बरोबर मध्ये, सगळ्यांच्या नजरेसमोर. मेळ अजून आहे आमचा, आता त्याला सोसायटी म्हणतात. सोसायटीच्या बैठकीत म्हातारे खवळले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? मीही त्यांच्यातलाच. पोर शांतपणे म्हणाली, "आजोबानू, राघो मेस्त्रीन फट दाराच्या पुढ्यात ठेवल्यान. लपवली ती आपण."

बैठकीत मग चहा आला. चहा आला म्हणजे ठराव झाला, असं समजायचं.

हल्ली प्रत्येक खुर्चीबरोबर सुकवलेलं हळदीचं एक पान जातं. घरी नेल्यावर गिऱ्हाइकाने ते फटीतून सरकवून बघायचं. पावसाळ्यात सरकलं तर खुर्ची तुमची. अडलं तर फोन करा, आम्ही रंधा घेऊन येतो. आणि आजही नागपंचमीला गाळवेवाडीच्या बायका होडीने येतात, हातात हळदीची पानं घेऊन. हत्यारं पाटावर निजलेली असतात आणि त्या वाडीभर फिरून वर्षभरात केलेली एकेक वस्तू तपासतात. स्वरांगीच्या खुर्च्यांपुढे त्या जरा जास्तच वेळ थांबतात, पण तो भाग कौतुकाचा. गेल्या वर्षी सरपंचांच्या घरचा झोपाळा नापास झाला. सरपंच काही बोलले नाहीत. विहिणीपुढे कोण बोलणार?

त्या दिवशी नैवेद्याच्या दोन पराती होतात. एक देवीची, एक तानूबायची. आणि रोजचं म्हणाल, तर थोडं थांबा, दिवेलागण होतेच आहे. आमचा गुरव आता दार लावायला जाईल. आजही तो दार लावण्याआधी आत वाकून हाक मारतो, "विहीणबाय, आत असात काय?" मग कान देऊन जरा वेळ उभा राहतो. आतून काही उत्तर आलं नाही, की मगच कडी लावतो.